ब्राह्मीची पानं कोण नेतं?

४ एप्रिल
आज अकरा पानं कमी! काल मोजून ठेवली होती. तीस वर्षं प्रयोगशाळेत रक्तपेशी मोजल्या — पानं मोजायला चुकेन?
मोरीमागच्या पसरट टबात लावलीय ब्राह्मी. तिथे ऊन पोचत नाही, माती ओलसर राहते, म्हणून तिथेच तिने जीव धरला. गाठीगाठीला मुळं फुटून आता टबभर पसरलीय. नावं विसरायला लागले तेव्हापासून रोज सकाळी पाच पानं चावून खाते. आणि कुणीतरी कात्रीने देठ कापून नेतंय. गोगलगाय काही कात्री वापरत नाही.

५ एप्रिल
घरात माणसं तीन. मी, चिरंजीव, सून. चिरंजीवांना ब्राह्मी आणि गवत यातला फरक कळत नाही. उरलं कोण?
सुनेला विचारलं. भांडी विसळताना मान वर न करता म्हणाली, "तुम्हीच तोडली असतील, आई. लक्षात राहिलं नसेल."
असं! म्हणजे मला वेड्यात काढायचं!
संध्याकाळी मुलाच्या कानावर घातलं. आवाजही न चढवता म्हणाला, "बघतो मी तिच्याकडे." गुणी पोरगा.

६ एप्रिल
सतरा पानं गेली. सांगूनही! ही सरळसरळ खुन्नस.

९ एप्रिल
तीन दिवस सगळं जागच्या जागी. सावध झाली असणार.

१२ एप्रिल
मिक्सरच्या भांड्याला हिरवा वास! वाटते म्हणजे. चेहऱ्याला लावत असेल. की कुणाला नेऊन देते? एवढ्या उकाड्यात मनगटापर्यंत बाह्या — पानं त्यातच लपवत असेल.
मुलाला सगळं सांगितलं. "बरं झालं सांगितलंस, आई. तू फक्त लक्ष ठेव."

१३ एप्रिल
पाव टब बोडका! आता हातोहात पकडते.

१५ एप्रिल
मुलगा कामावर गेल्यावर "बँकेत जाते" म्हणून निघाले. कोपऱ्यावरून परत फिरले. चावीने हळूच दार उघडलं.
सून मोरीत, स्टुलावर. बाही खांद्यापर्यंत वर. दंडावर हिरवा लेप थापत होती. लेपाखाली काळंनिळं. पाठीवर तसंच, तिथे हात पोचत नव्हता.
"पडलीस?"
"हो." मग माझ्याकडे बघून, "नाही, आई."
"मग बोलली का नाहीस?"
"तुम्हाला काय सांगणार? तुमचा मुलगा. थोडी पानं घेतली. ठणका कमी होतो."
मी लेपाची वाटी घेतली. पाठीला मी लावलं.

त्याच दिवशी, दुपारी
ही वही मागे उलटली. पाच तारखेला मी त्याला सांगितलं — सहाला सतरा पानं. बाराला सांगितलं — तेराला पाव टब. मधल्या दिवसांत मी तक्रार केली नाही, पानंही गेली नाहीत. आणि चारला? आदल्या दिवशी जेवताना मीच म्हटलं होतं, भाजी खारट झालीय.
नमुना माझ्या हाताखाली होता. मी भलतंच बघत बसले.

१६ एप्रिल
मुलाने चहा पिताना विचारलं, "काय गं आई, आज काही तक्रार?"
"नाही," म्हटलं. पहिल्यांदाच त्याची भीती वाटली.
तो गेल्यावर सुनेला म्हटलं, "कपडे भर. तुझ्या बहिणीकडे जायचं. मी येते सोडायला." ती जागची हलेना. मला वाटलं घाबरली. नाही — तिचा माझ्यावर विश्वास बसत नव्हता. कसा बसेल? मीच तिची बॅग काढली.

१७ एप्रिल
बहिणीच्या घरून दोघी पोलीस चौकीत गेलो. टेबलामागच्या बाईंनी विचारलं, "तक्रार कोणाविरुद्ध?" सुनेने माझ्याकडे बघितलं.
मी म्हटलं, "लिहा. माझ्या मुलाविरुद्ध."