हळदी रंगाचा कोट

३ नोव्हेंबर

चि. बापूस,
अनेक आशीर्वाद.

पत्राला उत्तर द्यायला तुला महिना लागतो, म्हणून कामाचं आधीच लिहिते. आमची गरजू मुलांसाठी गरम कपड्यांची जमवाजमव सुरू झाली. शिवणयंत्राशेजारी गाठोड्यांचा डोंगर झालाय. यंदा मी शाळेत जाऊन मुलांना एकच सांगितलं, की नको झालेलं आणू नका, आवडतं आणा, आणि स्वतःच्या हाताने द्या. दोन आयांनी नाकं मुरडली, पण मुलांना पटलं.

तुझ्या धाकटीच्या हातूनही काहीतरी येऊ दे. सात वर्षांची झाली, कळतं तिला. थोरली भिंगरी गेल्यापासून दोन वर्षं तुमच्या घरातून काही बाहेर गेलं नाही आणि आत आलं नाही. रागावू नकोस, मोठ्या बहिणीने नाही बोलायचं तर कुणी?

तुझ्या बायकोला आशीर्वाद. लोभ आहेच, तो पत्रातूनही दिसू दे.

तुझी ताई

१६ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बघ, तेरा दिवसांत उत्तर. सोबतचं पार्सल जपून उघड. धाकटीला तुझं म्हणणं वाचून दाखवलं. ती उठली ती थेट कपाटाकडे गेली आणि भिंगरीचा कोट घेऊन आली. हेच आपल्याला सगळ्यांत आवडतं, म्हणाली. तूच शिवलेला, हळदी रंगाचा, बटणं कमी पडली म्हणून चौथं हिरवं लावलेला. भिंगरीने जेमतेम एक हिवाळा घातला. मला नाही म्हणवेना.

ही माहेरी गेली आहे. तिला विचारलं नाही, सांगितलंही नाही. भ्याड म्हण हवं तर. इथल्या शाळेत दिला असता तर कुणीतरी ओळखला असता, म्हणून तुझ्याकडे. आमच्या रस्त्यावर तो पुन्हा दिसता कामा नये एवढं बघ.

लहान भावावर माया असू दे.

बापू

२५ नोव्हेंबर

चि. बापूस,
अनेक आशीर्वाद.

कोट मिळाला. अस्तर उसवलं होतं, ते टाचलं. खिशात निळ्या खडूचा तुकडा सापडला, तो टाकवेना, परत खिशातच ठेवला. काल गाठोडी रवाना झाली. धाकटीचा पापा घे. बायकोला मात्र सांग, आणि लवकर सांग. कपाट काय कायमचं बंद राहणार आहे?

ताई

९ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सांगितलं नाही. आता सांगायची सोय राहिली नाही.

तीन आठवडे झाले, ही रोज दुपारी चारला खिडकीत उभी असते. भिंगरी रस्त्यावरून जाते म्हणते. रडत नाही, उलट केस विंचरून, चांगली साडी नेसून उभी राहते. मी तिला चष्म्याच्या दुकानात आणून तिचे डोळे तपासले. तक्त्यावरची शेवटची ओळ तिने घडाघडा वाचली आणि वर माझाच चष्मा बदलायला झाला आहे म्हणाली. मी हसलो. मग टेबलावर दुधाचे दोन पेले दिसले. दूध पिणारी धाकटी एकटीच आहे.

काल मी दुकानाच्या दारात थांबलो. चार वाजता समोरून हळदी रंगाचा कोट गेला. पाठमोरा, दोन वेण्या, तीच उडती चाल. ताई, मी लोकांना दिसण्याचे चष्मे विकतो, पण मी हाक न मारताच आत वळलो आणि दार लावून घेतलं. तो कोट कुणाला दिलास ते उलट टपाली कळव. मला भीती वाटते.

बापू

१३ जानेवारी

बापू,

आशीर्वाद लिहायलाही हात धजत नाही. चूक माझी आहे. देणाऱ्याला आपला कपडा दुसऱ्याच्या अंगावर दिसू नये, घेणाऱ्यालाही लाजल्यासारखं होऊ नये, म्हणून आमच्या गावातली गाठोडी तुमच्या गावी जातात आणि तुमची इकडे येतात. तुझा कोट इकडेच ठेवायचा होता. इतक्या वर्षांच्या सवयीने मी तो तुमच्याकडे जाणाऱ्या गाठोड्यात बांधला. तुझं पत्र समोर होतं, हात आपले गाठी मारत होते.

ती कुणाची तरी जिवंत मुलगी आहे. आज घरी जा आणि बायकोला सगळं सांग. माझं नाव पुढे कर.

ताई

२ फेब्रुवारी

ती. वन्सं,
सा. न. वि. वि.

यांनी सांगितलं. दोन दिवस मी यांच्याशी बोलले नाही आणि तुमच्यावरचा राग अजून गेलेला नाही, तो लपवत नाही.

माहेराहून आले त्याच दिवशी मी कपाट उघडलं होतं. कोट नव्हता. मला वाटलं, तीच येऊन घेऊन गेली, थंडी वाजत असेल. म्हणून मी कुणाला विचारलं नाही. नंतर ती रस्त्यावरून जाताना दिसायला लागली, तेव्हा निदान तिला ऊब आहे एवढं समाधान होतं. ते तुम्ही दोघांनी काढून घेतलंत.

परवा चारला मी खाली उतरले. मुलीला थांबवलं. नाक वेगळं, डोळे वेगळे. नाव सांगितलं तिने, ते मी तुम्हाला लिहिणार नाही, ते तिचं आहे. खिशातला खडू कुठे आहे विचारलं तर घाबरली. संपला म्हणाली, भिंतीवर घर काढलं त्यात. मी म्हटलं, बरं केलंस.

मग माझं लक्ष तिच्या हातांकडे गेलं. बाह्या मनगटाच्या वर आल्या आहेत. दोन महिन्यांत वाढली असावी. आमच्या भिंगरीला त्या कोटाच्या बाह्या शेवटपर्यंत लांबच होत होत्या.

तुम्ही बाह्यांच्या टोकाला आत चार बोटं कापड दुमडून ठेवलं होतं, मुलगी वाढेल म्हणून. ते कसं सोडवायचं, अस्तर न फाटता, तेवढं सविस्तर लिहा. गुरुवारी ती आईला घेऊन येणार आहे. धाकटीने तिच्यासाठी तिसरा पेला आत्ताच काढून ठेवला आहे.

राग ओसरेल तेव्हा कळवीन. तोवर लोभ कमी करू नका.

तुमची भावजय