नंबराची कळशी

दत्तोबाची वाडी, ता. इंदापूर
रविवार, १३ एप्रिल १९९७

प्रिय रोहिणी,

तुझं पत्र मिळालं. अक्षर सुधारलंय, मजकूर मात्र आखडला आहे. आजीची तब्येत बरी, मामीनं नवा फ्रॉक शिवला, आणि शेवटी 'यंदा मे महिन्यात मी वाडीला येणार नाही, तिथं पाणी नसतं.' एवढंच. मी ते पत्र टेबलावर तुझ्या फोटोला टेकवून ठेवलंय आणि उत्तर लिहायला बसले की काही ना काही काम पुढ्यात येतंय. परीक्षा संपली, पेपर तपासून झाले, आता निकालपत्रकं. त्यात पोलिओच्या डोसांना मुलं गोळा करा, मतदारयादीसाठी घरोघर फिरा. शाळेत आम्ही दोनच शिक्षक, त्यातले गुरुजी महिनाभर आजारी. अंग असं आंबून गेलंय की काल खडू हातात धरून खुर्चीवरच डोळा लागला आणि मुलं शहाण्यासारखी आवाज न करता बसून राहिली. तुझे बाबा फौजेतून लिहितात, रजा मिळाली की येतो. त्यांची रजा आणि आमचा टँकर, दोन्ही येतील तेव्हा खरं.

तुझी समजूत घालायला हे लिहीत नाहीये, आधीच सांगते. तू मामाकडे बारामतीत शिकतेस ते मीच ठरवलं आणि ते बरोबरच होतं. गेल्या वर्षी तू इथं आलीस तेव्हा केस धुवायला अर्धी बादली दिली, तर तू रडलीस, आणि दोन दिवसांनी मी तुला परतीच्या एसटीत बसवलं. तेव्हा माझ्या वर्गातली स्वरूपा आणि तू सागरगोटे खेळत होतात, डाव अर्धाच राहिला. तिनं ते सागरगोटे अजून पत्र्याच्या डबीत ठेवलेत. पण मला प्रदर्शनाबद्दल लिहायचंय. तू तिथं होतीस, पण तुमच्या बाजूला होतीस. आमच्या बाजूनं ते कसं झालं हे तुला ठाऊक नाही.

जानेवारीत वरून आदेश आला की वर्षअखेरीस सगळ्या प्राथमिक शाळांनी मिळून बारामतीत 'जगापुढचे प्रश्न' या विषयावर प्रदर्शन भरवायचं. मुलांनी स्वतः संशोधन करायचं. माझा चौथीचा वर्ग म्हणजे मूठभर पोरं, निम्म्यांचे आजोबा मेंढरं घेऊन कोकणात जायचे आणि आता वडील इथं कोरडवाहू रान कसतात. त्यांना जगाचा प्रश्न काय विचारणार? तरी मी एसटीनं दुसऱ्या दिवशी येणारं वर्तमानपत्र वाचून दाखवू लागले. ओझोनचं ऐकून मुलं घरी गेली आणि स्वरूपाची आजी, कुशाबाई, दुसऱ्या दिवशी थेट शाळेत आली. म्हणाली, "बाई, आभाळालाच भोक पडलंय म्हंत्यात, मग ठिगळ लावायला कोन जानार, तुमी का मी?" मला हसू आवरेना. तेवढं एक हसणं मला पुढं आठवडाभर पुरलं.

मग पाण्याचं कात्रण निघालं. जगात किती लोकांना प्यायला धड पाणी नाही, बायका किती लांबून आणतात, असं काहीबाही. वाचून झालं. आणि स्वरूपा म्हणाली, "बाई, म्हंजी ह्ये आपल्याबद्दलच हाय की." तिला त्याचा आनंद झाला होता गं. आपली वाडी पेपरात आली असंच तिला वाटलं. तिथंच विषय ठरला.

थर्माकोलला पैसे नव्हते आणि माझ्यात ते कापण्याचं त्राण नव्हतं. मुलांनीच सुचवलं, आपण नंबर मांडू. टँकरचा दिवस असला की पहाटेपासून विहिरीजवळ घरटी एक भांडं रांगेत असतं हे तू पाहिलंयस. भांडं घरी वापरात अडकलं असेल तर त्याच्या जागी दगड. प्रत्येक घराचा दगड ठरलेला, कुणाचा चपटा, कुणाचा चुन्याची रेघ ओढलेला. माणूस रानात गेला तरी त्याचा दगड रांगेत उभा असतो आणि पुढच्याचं झालं की मागचा कुणीही तो पुढं सरकवतो. इथं भांडणं पुष्कळ होतात, बांधावरून होतात, सोयरिकीवरून होतात, पण दुसऱ्याचा दगड मागं ढकलल्याचं मी कधी पाहिलं नाही. तीच रांग प्रदर्शनात मांडायची आणि येणाऱ्याला सांगायचं की जगात असं चाललंय. कुशाबाईनं स्वतःच्या हातानं हंडे चिंचेनं घासून दिले. सरपंचांनी वेगळीच आशा धरली. प्रदर्शन पाहायला झेडपीचे मोठे साहेब येणार आहेत, पोरांनी नीट सांगितलं तर वाडीच्या नळयोजनेकडं त्यांचं लक्ष जाईल, असं ते मला चार वेळा बजावून गेले.

दूध गोळा करणाऱ्या टेम्पोतून आम्ही हंडे, कळशा, दगड आणि पोरं घेऊन आलो. प्रदर्शन तुमच्याच शाळेत होतं आणि तुमचं टेबल दारातच होतं. पृथ्वीचा गोल आणि त्यावर छोट्या मोटारीनं उडणारं कारंजं, सुंदर केलं होतं, मनापासून सांगते. तू पिवळी फीत लावून स्वयंसेवक म्हणून उभी होतीस. मी लांबूनच तुझ्याकडं पाहून हसले. तुझ्याभोवती मैत्रिणी होत्या, तू वही चाळू लागलीस. ते मला चाललं. माझी साडी टेम्पोत चुरगळली होती आणि तिला दुधाचा वास येत होता, त्या वयात मीसुद्धा तेच केलं असतं.

दुपारी मी नावं नोंदवायला ऑफिसात गेले. तेवढ्यात स्वरूपा पाणी प्यायला मागच्या नळावर गेली. नळ गळत होता आणि समोर कुणीच नव्हतं. ना भांडं, ना दगड. आमच्याकडं असं कधी होत नाही. ती धावत परत आली, "आरं, तितं कुनाचा नंबरच न्हाय!" आणि मग त्यांनी जे केलं ते त्यांच्या दृष्टीनं अगदी रीतसर होतं. टेबलापुढची सगळी रांग त्यांनी उचलली आणि नळापुढं जशीच्या तशी मांडली, दगडांसकट, ज्याचा क्रम त्यालाच. आणि एकेक भांडं भरायला घेतलं. साहेब आले तेव्हा आमच्या टेबलावर फक्त कात्रणाचा कागद होता. त्यांनी तो वाचला, इकडंतिकडं पाहिलं आणि पुढं गेले. सरपंचांची नळयोजना तिथंच संपली.

मी शोधत मागं आले तेव्हा तू शिपायाला सांगत होतीस, "काका, ही खेड्यातली मुलं आपलं पाणी चोरतायत." मी व्हरांड्याच्या खांबाजवळ होते. तू मान वळवलीस, मला पाहिलंस आणि आत निघून गेलीस. मला लागलं, रोहिणी. खोटं कशाला सांगू? नऊ महिने पोटात वागवलेलं लेकरू आपल्याला ओळख न दाखवता निघून जातं तेव्हा आई शिकलेली असो की अडाणी, सारखंच लागतं. पण मीही तुला हाक मारली नाही. मारली असती तर सगळ्यांना कळलं असतं, ही हिची आई आणि ही हिची पोरं. ते तुला झेपलं नसतं.

शिपाई दरडावला, भांडी ओता म्हणाला. पोरांनी वाद घातला नाही. एकीनं फक्त विचारलं, झाड कुठं हाय. मग कुंपणाशी एक कडुलिंब होता तिथपर्यंत त्यांनी भरलेली भांडी वाहून नेली आणि एकेक करून त्याच्या बुडाशी रिकामी केली. तुमच्या कारंज्याला पहिलं बक्षीस मिळाल्याच्या टाळ्या आम्हाला तिथं ऐकू आल्या.

येताना टेम्पोत मी पोरांना खूप बोलले. टेबल का सोडलं, साहेबांना का सांगितलं नाही, वाडीची नाचक्की केली. माझा सगळा शीण त्यांच्यावर काढला. ती खाली माना घालून ऐकत होती. मग एका वळणावर टेम्पो कलंडल्यासारखा झाला आणि दुधाच्या कॅनमागं गोणपाटाखालून पाणी हिंदकळलं. गोणपाट काढलं तर एक कळशी, काठोकाठ. मी विचारलं ही कुणाची? स्वरूपा म्हणाली, "रोहिणीची. ती सुट्टीला येती आन पानी न्हाय म्हून माघारी जाती. म्हून तिचा नंबर आमी पयलाच लावला हुता. शिपाई याच्या आदीच भरून टेम्पोत ठिवली." मी म्हटलं, अगं, तिला तिथं पाहिलंस का? तर म्हणाली, "व्हय. वळखली की. पर बाई, आमी वळखली त्ये तिला सांगू नगा. लाजंल, आन येनारच न्हाय."

मी हो म्हटलं होतं. आज तो शब्द मोडते आहे, कारण तुझ्या पत्रातलं पाण्याचं कारण मला खरं वाटत नाही. तुला त्या पोरांपुढं उभं राहायची भीती वाटतेय, आणि ती घेऊन तू मोठी व्हावीस असं मला वाटत नाही. कळशी शाळेच्या कोपऱ्यात झाकून ठेवली आहे. पाणी शिळं झालं की स्वरूपा ते तुळशीला घालते आणि घरच्या वाट्यातलं पुन्हा भरते. मी नको म्हटलं तर कुशाबाईच मला रागावली. विहिरीवरच्या रांगेतही त्यांनी तुझ्या नावाचा एक दगड ठेवलाय, गुळगुळीत, काळा. तू इथं नाहीस, तरी पुढच्याचं झालं की कुणीतरी तो पुढं सरकवतं. यायचं की नाही ते तू ठरव, मी आग्रह करणार नाही. आलीस तर काहीच ठाऊक नसल्यासारखी वाग. त्या पोरांनीही तसंच वागायचं ठरवलंय.

तुझी वाट पाहणारी, तुझीच,
आई