चौदा तारखेपर्यंत उभं पीक

लागावे, २ जुलै

ती. इंदुनुय मावशीस जोवेलिनचा सा. न.

खोकला कमी झाला असेल. गोळ्या जेवणानंतर घ्यायच्या आहेत, आधी नाही.

पत्राचं कारण ऑफिसचं आहे. आमच्या डोंगरदर्शन मंडळाचे अकरा पाहुणे मनिलाहून निघून चौदा तारखेला गावात पोचतील. जाहिरातीत डोंगरभर सोनेरी भात उभा छापला आहे, म्हणून तो तेव्हा उभाच असावा, असं साहेबांचं म्हणणं. तू गावाची तोमोना, कापणीची मानकरी. तुझ्या शेतातली पहिली लोंबी कापल्याशिवाय कुणी कापणीला हात लावत नाही, हे त्यांना कळलं आहे. एकाच बाईला थांबवायचं म्हणजे काम सोपं, असं ते म्हणाले. ती बाई माझी मावशी, म्हणून काम माझ्याकडे आलं. माझं मत कुणी विचारलेलं नाही.

आहे ती माया असू दे.
जोवेलिन

पुग्गुल, ५ जुलै

चि. जोवेलिन हिस मावशीचे अ. आ.

गोळ्या आधीच घेतल्या, तरी खोकला बरा आहे.

भात आठ तारखेला तयार होतोय. उंदीर कालपासून पंगतीला बसलेत. त्यांना मंडळाचं पत्र गेलं नाही वाटतं? मी बायकांना सांगितलं, मनिलाच्या लोकांचे फोटो होईपर्यंत थांबायचंय. शेजारची दिनाय म्हणाली, मग कापून टाकू आणि आपणच सोनेरी रंग फासून उभ्या राहू.

हसते आहे खरी, पण गावाचं वर्षाचं खाणं बाहेर उभं आहे गं, आणि सगळे माझ्या तोंडाकडे बघताहेत. ऑफिसची बाई म्हणून नको, शिकलेली पोर म्हणून सांग, कापू की थांबू? सांगशील ते करेन.

येताना ते पांढरे बूट नकोत. मागे बांधावरून घसरलीस, ते गाव अजून सांगतं.

लोभ आहेच, तो वाढवायचा तर जेवायला ये.
मावशी

लागावे, ६ जुलै

ती. मावशीस सा. न.

हे पत्र जीपवाल्याच्या हाती देते.

समुद्रावर वादळ तयार झालं आहे. या वेगाने ते बारा तारखेच्या दुपारी तुमच्या डोंगरावर असेल. पिकलेला भात आडवा झाला की तिसरा हिस्सा तरी चिखलात जातो. आठला सुरुवात केलीत, तर अकराच्या संध्याकाळी भारे कोठीत असतील. कापा.

ऑफिसात मी विनंती पोचवली एवढंच लिहिलं आहे. ते खरं आहे. हे पत्र मात्र साहेबांना दिसलं तर नोकरी जाईल. वाचून चुलीत घाल.

बूट तेच आहेत. दुसरे नाहीत.

जोवेलिन

पुग्गुल, १५ जुलै

चि. जोवेलिन हिस अ. आ.

आठला मी पहिली लोंबी कापली, अकराला शेवटचा भारा आत गेला, बाराला आभाळ फाटलं. दाणा भिजला नाही. पुजारीबाबांनी मग कालचा चौदाचा दिवस विसाव्याचा ठरवला.

वाटेवर गाठ मारलेला बोरू दिसला की कामाला सुट्टी आणि परक्याला बंदी, हे आपल्या कुत्र्यांनाही कळतं. तुझ्या पाहुण्यांनी ते स्वागताचं तोरण समजून अर्धा तास फोटो काढले! साहेब ओरडत होते, आमच्याकडे परवानगीचा कागद आहे. बिनवाग आजोबा आतून म्हणाले, बोरूला दाखव बाबा, त्याला वाचता आलं तर सोडेल.

पण तू त्यांच्याबरोबर बोरूच्या पलीकडेच का उभी राहिलीस? तू परकी नाहीस. नवा भात शिजवून मी दारात बसले होते. ऑफिसनं पोर नेली, असं बायका म्हणाल्या. मी तुझं ताट वाढून झाकून ठेवलं.

मावशी

लागावे, १९ जुलै

ती. मावशीस सा. न.

मी आत आले असते, तर कर्मचारी गेली म्हणून साहेबांनी अकराही जणांना आत घुसवलं असतं. म्हणून उभी राहिले. भाताचा वास तिथपर्यंत येत होता.

पाहुण्यांना ते तोरण फार आवडलं. रिकाम्या शेतांचं कुणी विचारलंही नाही. साहेबांनी आता तसाच बोरू सिमेंटचा, बारा फूट उंच, वाटेच्या तोंडाशी कायमचा उभारायचं ठरवलं आहे. म्हणजे परक्याला बारा महिने बंदी. कापणीची तारीख विचारायला कुणी येणार नाही. कामाच्या सुट्टीचं काय करायचं, ते पुजारीबाबांना विचार.

आराखडा तपासायला माझ्याकडे आला. पाया, उंची आणि वाऱ्याचा भार बघायचा होता. अर्थाचा रकाना त्यात नाही. दोनदा तपासलं. चित्रात फक्त गाठ चुकली होती. ती आपल्या पद्धतीची करून सही केली.

रविवारी जेवायला येते. तोवर माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी जोवेलिन