पहिल्या पिशवीतले मास्क

शुक्रवार, ३ एप्रिल

चिमीचा फोन. रडत होती! माझी नणंद, बावीस वर्षं ओळखते हिला – लग्नात पाठवणीला रडली नाही की हॉस्पिटलच्या वॉर्डात नर्स म्हणून लागल्यावर पहिलं मरण बघून रडली नाही. आज हमसून रडत होती. "वहिनी, एकच मास्क आहे गं, पाच दिवस तोच घालतेय. आज त्याचा पट्टा तुटला तर स्टेपल मारून दिलंय. तू शिव. कापडाचा, कसलाही."

मी म्हटलं, अगं, मी पँटी आखूड करणारी बाई, मला काय जमतंय. "वहिनी, शिव ना गं," एवढंच म्हणाली आणि ठेवला.

दुकान तेरा दिवस बंद. मशीन घरी आणलेलं आहेच. शिवते.

रविवार, ५ एप्रिल

वरच्या मास्तरीणबाई कापड कापून देतायत. निवृत्त आहेत, भूमिती शिकवायच्या. एक तुकडा दुसऱ्यापेक्षा सुताइतकाही मोठा नाही. पिशवीत भरून दोरीने गॅलरीतून खाली सोडतात आणि वरून ओरडतात, "दोन पदरी घ्या हं! पातळ नको!" शिक्षिका ती शिक्षिकाच. इलॅस्टिक कुठेही मिळत नाही, म्हणून नाड्या. मी मशीनवर चुण्या आणि टीप घालते, सासूबाई हाताने नाड्या टाचतात. चौऱ्याहत्तर वय, पण सुई माझ्याआधी ओवतात.

पहिले दहा वाकडेतिकडे. एक तर नाकावर असा काही फुगला की सासूबाई म्हणाल्या, "हा घोड्याला बांध." किती दिवसांनी हसलो! आता प्रत्येक मास्क झाला की मी आधी स्वतः बांधते, जोरात फुंकर मारते. नाकापाशी हवा सुटली की पुन्हा उसवायचा. वाईट काम करून नाव घालवायचं नाही.

दोरा संपला म्हणून बाजारात गेले होते. दोरेवाल्याने शटर अर्धं उघडलं आणि झुंबड! एकमेकांच्या अंगावर माणसं. घरी येऊन तीनदा हात धुतले.

मंगळवार, ७ एप्रिल

चौऱ्याऐंशी झाले. चिमी न्यायला आली, पण वर आली नाही. मी पिशवी जिन्याच्या तळाशी ठेवली, वर आले, मग तिने उचलली. सासूबाई खिडकीतून – "जेवतेस का? गालफडं बसलीत!" ती म्हणे, "हो हो, जेवते." आणि गेली.

सासूबाई नंतर कितीतरी वेळ खिडकीशीच उभ्या. माझ्या मनात एकच – ही परत दिसेल ना?

बुधवार, ८ एप्रिल

ह्यांचा फोन. त्यांच्या बोटीला कुठलंच बंदर आत घेत नाही. "आईला आणि चिमीला सांभाळ." हो म्हटलं. कसं सांभाळतात ते कोण सांगणार!

शुक्रवार, १० एप्रिल

सासूबाईंना खोकला. कोरडा. म्हणतात, कापडाचा तंतू घशात गेला असेल. असेल. असू दे.

पण दुपारी त्यांच्याकडे बघत बसले आणि अंगावर सर्रकन काटा आला. नाडी टाचली, गाठ मारली, मास्क तोंडाशी नेला आणि दोरा दातांनी तोडला. कात्री मांडीवर! आयुष्यभराची सवय. आम्हा शिवणाऱ्या बायकांची सगळ्यांचीच. एका मास्कला चार नाड्या, चार वेळा तोंड.

मी ओरडलेच. "आई! काय करताय हे!" त्यांना कळेना. कळलं तेव्हा चेहरा पांढरा पडला. मग मलाच म्हणाल्या, "आणि तू गं? तू नाही एकेक तोंडाला बांधून बघत?"

"माझी गोष्ट वेगळी. मला कुठे खोकला आहे!"

शनिवार, ११ एप्रिल

रात्रभर डोळा नाही. पहिली पिशवी उकळलीच नव्हती. मला वाटलं, हॉस्पिटलात उकळतील, त्यांच्याकडे मोठी यंत्रं असतात. सकाळी चिमीला सहज विचारल्यासारखं विचारलं. ती म्हणाली, "छे गं, इथे धुलाईवालेच आजारी पडलेत. पिशवीतून काढतो आणि बांधतो. तू उकळूनच पाठवतेस ना?"

मी म्हटलं, "हो."

हो! तोंडातून गेलं. का गेलं? सासूबाई समोर उभ्या होत्या, मानेने नाही नाही करत. त्यांना पोरीच्या डोळ्यांत अपराधी व्हायचं नव्हतं. पण जीभ माझी होती. त्यांच्यावर ढकलून काय उपयोग.

रविवार, १२ एप्रिल

सासूबाईंना ताप. शंभर.

मोठ्या पातेल्यात नवे मास्क उकळतेय. मास्तरीणबाईंनी वरून विचारलं, "एवढी वाफ कसली?" म्हटलं, पाणी तापवतेय. आता त्यांच्याशीही खोटं.

सोमवार, १३ एप्रिल

सासूबाई भिंतीकडे तोंड करून झोपल्यात. मधेच म्हणाल्या, "माझ्या थुंकीने माझीच लेक..." मी पाय चेपत बसले. मला त्यांचा राग येतो आणि त्यांना कुशीत घ्यावंसंही वाटतं. दोन्ही एकदम.

चिमीला सांगून टाकू म्हटलं. तर सासूबाईंनी हात घट्ट धरला – "उद्या माझी तपासणी आहे ना, तिचा निकाल येऊ दे. निकाल आला की मीच सांगीन. तोवर नको. तिचे हात कापायला लागतील, सुया टोचते ती दिवसभर." थांबले. भित्री आहे मी, थांबायला कारण मिळालं की बरंच वाटतं मला.

मंगळवार, १४ एप्रिल

तपासणीला घेऊन गेले. पांढऱ्या कपड्यातला मनुष्य, नुसते डोळे दिसतात. सासूबाईंच्या नाकात काडी घातली तशा बिचाऱ्या लहान मुलासारख्या माझा पदर धरून बसल्या. तो म्हणाला, "घरात आणखी कोण?" म्हटलं, मीच. "मग तुमचाही नमुना देऊन टाका." मला काही होत नाही म्हटलं. "द्या हो बाई, रांग थांबलीये."

बुधवार, १५ एप्रिल

चिमीचा निरोप आला: "वहिनी, तुझे मास्क बेस्ट. सगळ्या मागतात. पहिल्या पिशवीतला मी अजून जपून वापरतेय, बाकीच्यांना नवे देते."

वाचून फोन उलटा ठेवला. सासूबाईंना दाखवला नाही.

गुरुवार, १६ एप्रिल

निकाल आले. सासूबाईंना काही नाही. साधा खोकला, साधा ताप – दोनदा विचारलं. आजार मला आहे. मला!

चिमीला फोन लावला. सांगणार होते, सगळं, पहिल्यापासून. तिने उचलला, धापा टाकत होती, आवाज कापडातून आल्यासारखा दबका. म्हणाली, "वहिनी, पटकन बोल. तुझाच बांधलाय, आत चाललेय."