मुखपृष्ठांच्या भिंतीवर एक जागा

प्रिय मोहन,

चारचौघांत तुला 'अहो' आणि घरात 'अरे', असा आपला संसार झाला. आत्ता घरात कोणी नाही, म्हणून अरेच म्हणते.

उद्या तुझं वर्षश्राद्ध. आपली रेवा बोरिवलीहून निघाली आहे, भाऊजी केळीची पानं आणायला मार्केटात गेलेत. सकाळीच ते चेंबूरहून रिक्षाने आले, आणि रिक्षातून आधी उतरला तो तुझा फोटो! भलामोठा, सोनेरी चौकटीचा, वर चंदनाचा हार. तो बघितला आणि मी दारच अडवून उभी राहिले. हे कोणाला सांगू? तुलाच सांगायला हवं, म्हणून लिहायला बसले.

बरं, निवडलाय कोणता? पासपोर्टचा! फोटोवाल्याने तुझ्या पायावर पाय दिला असावा, असं तोंड आहे त्यात. एवढी वर्षं त्या माणसाला मी हसताना बघितलं आणि भिंतीवर हा कोण येऊन बसणार?

भाऊजींनी हॉलच्या मधोमध उभं राहून मोबाइलवर दिशा बघितली. पितरांचा फोटो दक्षिणेच्या भिंतीवरच हवा म्हणे. आता आपल्या मुलुंडच्या या घरात दक्षिणेची भिंत कोणती, सांग? तीच रे. तुझी. जिच्यावर दिवसभरात उन्हाची तिरीपसुद्धा पडत नाही, म्हणून तू हे घर घेताना स्वयंपाकघराच्या आधी ती भिंत चित्रांसाठी पसंत केली होतीस. "उन्हाने आधी लाल जातो गं, मग पिवळा," असं सांगून तू मला गप्प केलंस आणि ओट्यावर उजेड नाही हे मला राहायला आल्यावर कळलं. तुझ्या चित्रांची दिशा आणि यमाची दिशा एकच निघाली!

भिंत बघून भाऊजी माझ्यावरच घसरले. "ह्यां काय गो सुलू? माणसाचो फोटो लावूक जागो नाय आणि ही सोंगां भिंतभर!"

सोंगंच ती, जुन्या कॉमिक्सच्या मुखपृष्ठांवरची. झाडावरून दोरीला लोंबकळणारा मुखवटेवाला, पाणबुडीला मिठी मारलेला ऑक्टोपस, किल्ल्याच्या बुरुजावर तलवार उपसून उभी असलेली राजकन्या. आणि तो लाल कपड्यांतला आकाशातून झेपावणारा गडी! त्याला तर तुझ्या आई मारुती समजून दर शनिवारी हात जोडायच्या. एकदा तेल घालायला निघाल्या, तेव्हा तू धावत जाऊन चौकट उचललीस. पण हा मारुती नाही, असं तू त्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाहीस. "असू दे गं, उडतोय ना तो," म्हणालास.

तुझं ते रविवारचं काम मला अजून दिसतं. कुर्ला, घाटकोपर, जिथे कुठे जुनी रद्दी निघेल तिथून पिशवी भरून आणायचास. मग वर्तमानपत्र पसरून मांडी ठोकायचास. सुरीच्या पाठीने गंजलेल्या पिना उचकटायच्या, मुखपृष्ठ अलगद सुटं करायचं, कोरड्या फडक्याने पुसायचं, बटर पेपरात ठेवायचं. आणि आतली पानं? ती खाकी पुठ्ठ्यात शिवून बिल्डिंगमधल्या पोरांना वाटून टाकायचास! आंब्याची साल जपून ठेवणारा आणि गर वाटणारा माणूस मी दुसरा बघितला नाही.

बोरिवलीचे ते संग्रहवाले गृहस्थ एकदा मोठ्या हौसेने बघायला आले होते, आठवतं? आतली पानं कुठायत विचारलं, तू सांगितलंस, आणि त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. चहा अर्धा टाकून गेले बिचारे. मला इतकी लाज वाटली! तू मात्र कप उचलता उचलता म्हणालास, "मला पुढचं नको असतं गं." मला वाटलं, नेहमीसारखं काहीतरी बोलतोय.

पण हेच तू हॉस्पिटलातही म्हणालास, मोहन.

डॉक्टरांनी रिपोर्ट पुढ्यात ठेवले, चष्मा काढला, आणि तू म्हणालास, "मला पुढचं नका सांगू. हिला सांगा." आणि उठून बाहेर बाकावर जाऊन बसलास! मी आत एकटी. ते काय काय होत जाईल ते सांगत होते आणि मी मान डोलवत होते. बाहेर आले तर तू मला म्हणतोस, "वडा खाऊ या का, सुलू?" खाल्ला आपण वडा. तुझ्या शर्टावर चटणी सांडली, ती मी पुसली, आणि एक अक्षर बोलले नाही. शेवटपर्यंत बोलले नाही. तुला ते हवं होतं, म्हणून. पण मला कोणाशी तरी बोलायचं होतं रे! तुझ्याशीच बोलायचं होतं. हा राग माझ्या मनात वर्षभर आहे. आज लिहून टाकला.

असो. आज सकाळचं राहिलंच.

भाऊजी ऐकेनात. स्टुलावर चढले आणि सरळ मधलीच चौकट उतरवली, सर्कशीची. आगीच्या कड्यातून झेप घेणारा सिंह आणि खाली पडलेला तो रिंगमास्तर. मी काही बोलणार, तोच भाऊजी स्टुलावरच थांबले. मग हळूच उतरले आणि चौकट मांडीवर घेऊन सोफ्यावर बसले.

"ह्यां आमी वाचलेलां," म्हणाले. "कुर्ल्याच्या लायब्ररीत, उभ्यान. मी आणि मोहन."

मी म्हटलं, मला माहीत आहे ही गोष्ट. सिंह त्या रिंगमास्तरला खात नाही, त्याला पाठीवर घालून घरी नेतो आणि दोघं गावाला जाऊन नारळाची बाग करतात. रेवाला तू शेकडो वेळा सांगितलीस. तापात असली की हीच हवी असायची तिला.

भाऊजी माझ्याकडे बघतच राहिले. "नारळाची बाग? काय सांगतंस! तिसऱ्याच पानार गोळी घालतत गो त्या सिंहाक. मोहन दोन दिस जेवलो नाय. आयेन मारल्यान, तरी नाय."

मग ते बाहीने चौकटीवरची धूळ पुसत बसले.

म्हणजे तुला ठाऊक होतं. आत काय आहे ते तुला सगळं ठाऊक होतं आणि म्हणूनच तुला नुसतं मुखपृष्ठ हवं असायचं. मुखपृष्ठावर गोळी सुटलेली नसते. सिंह अजून हवेतच असतो. आणि मी मेली इतकी वर्षं साल नि गर करत बसले! सांगायचंस ना रे एकदा. मी हसले असते का? हसले असते कदाचित. पण मग जवळही घेतलं असतं.

तुझा राग कमी झाला का, विचारशील. थोडा झाला. हॉस्पिटलातल्या त्या बाकावर तू पळून गेला नव्हतास, इतकं आज कळलं. तुझी तेवढीच ताकद होती. आणि पुढची पानं वाचायला माझी ताकद आहे, हे तू ओळखलं होतंस. तसं तोंडाने म्हणाला असतास तर बरं वाटलं असतं, एवढंच.

भाऊजींनी सिंह परत जागेवर लावला. "ह्यां रवांदे," म्हणाले. "फोटो आतल्या खोलीत लावया. दिशा काय, चलता."

खरं सांगू? मला तेच हवं होतं. सकाळपासून मी त्यांच्याशी भांडत होते ते तुझ्या चित्रांसाठी, असं मलाही वाटत होतं. पण मला तो हार नको होता. हॉलमध्ये तुला हार घातला की संपलंच ना सगळं. आतल्या खोलीत, कपाटाच्या बाजूला, कोणाला दिसणार नाही अशा जागी राहिला असतास तर मी आणखी एक वर्ष ढकललं असतं.

पण आत नको, इथेच लावू या, असं मीच म्हटलं. ऑक्टोपस आणि त्याच्या खालचं विमान उतरवलं. ते रेवा नेईल, तिच्या हॉलमध्ये ऊन येत नाही. भाऊजींनी स्टूल धरलं आणि खिळा मी ठोकला. पहिला वाकडा गेला, प्लास्टर पडलं, तू असतास तर हाय खाल्ली असतीस! दुसरा नीट बसला. फोटो वर गेला. पासपोर्टच्या जागी दुसरा फोटो रेवा घेऊन येते आहे, तुझा हसरा, तोही याच चौकटीत बसेल.

हार मी काढून ठेवला होता, तो अजून टेबलावर आहे. भाऊजींनी विचारलं, "तो खय ठेवू?" मी म्हटलं, राहू दे तिथेच.

मोहन, माझा तुला शब्द आहे. उद्या भटजी येण्याआधी तो हार मी घालीन. भाऊजी नाही, रेवा नाही, मीच. रडेन, कदाचित तिरकाही बसेल. पण मी घालीन.

तुझी,
सुलू