उसातून पाहिलेली फायनल

२० डिसेंबर, मोम्बासा. बसस्टँड, रात्री ११
दोन वर्षांनी सुट्टी. गोदीच्या मुकादमाने दहा दिवस दिले, तेही तोंड वाकडं करून. २६ तारखेला आमच्या सिमाली गावाची फुटबॉल फायनल. बक्षीस एक बैल. धाकटा भाऊ वाब्विले पुढच्या फळीत खेळतो, त्याची पहिलीच फायनल. फोनवर म्हणाला, "दादा, तू बाजूला उभा असलास की माझे पाय आपोआप चालतात." बरोबर आहे. सहावीत शाळा सुटली माझी, पण फुटबॉलचं डोकं शाळेत कुठे मिळतं. माझ्याशिवाय ही टीम म्हणजे क्रेनशिवाय गोदी.
संकल्प: या सुट्टीत कुणावर चिडायचं नाही.
बस आठची होती. चिडलो नाही. ड्रायव्हरला फक्त विचारलं, गाडी चालवायची आहे की राहायला दिली आहे. बायको नेलिमा म्हणाली, "नाफुलाचे बाबा, बसा गप." नाफुलाही म्हणाली, "बाबा, बसा गप." तीन वर्षांची आहे. बसलो.

२२ डिसेंबर, सिमाली
पोचलो. पाय भोपळ्यासारखे सुजलेत. आईने कोंबडी कापली. ताटातली मक्याची उगाली संपायच्या आत बाबांनी गोठ्याचं छप्पर दाखवलं. म्हणाले, "तिकडे एवढे मोठे कंटेनर उचलतोस म्हणे, मग हे आठ पत्रे काय आहेत." मी कंटेनर उचलत नाही, क्रेनचा हूक अडकवतो. पण म्हातारा खुशीत होता, म्हणून सोडून दिलं.
वाब्विलेला नवे बूट दिले. एक नंबर मोठे निघाले. म्हटलं, पाय वाढेल. तो म्हणाला, "दादा, मी एकवीस वर्षांचा आहे." मग कापूस कोंबायचं ठरलं.
उद्यापासून रोज पहाटे पाचला त्याची प्रॅक्टिस. मी स्वतः घेणार.

२३ डिसेंबर
साडेआठला उठलो. प्रवासाचा शीण, दुसरं काही नाही. वाब्विले पळून येऊन, अंघोळ करून, चहाला बसला होता. त्याची तोंडी प्रॅक्टिस घेतली. तोंडीचा फायदा म्हणजे दम लागत नाही.
दुपारी टीमचा कोच भेटला. गावातला सुतारच तो. म्हणाला, फायनल खालुम्बेच्या मैदानावर, खालुम्बेच्याच टीमशी. सहज सांगितलं त्याने, जसं काही खालुम्बे हे कुठलंही एक गाव आहे.
खालुम्बे माझी सासुरवाडी. सासूबाई तिथल्या टीमच्या एवढ्या भक्त की गेल्या वर्षी त्यांना मैदानातून बाहेर काढायला रेफ्रीला खेळ थांबवावा लागला.
आणि आमच्यात जावयाने सासूच्या समोर यायचं नसतं. वाटेत दिसली तर आपण झुडपात शिरायचं, तिने तोंड फिरवायचं. चुकून समोरासमोर आलो तर जावयाने बोकड द्यायचा, आणि पुढच्या पेरणीपर्यंत गावभर तोच विषय. लग्नाला चार वर्षं झाली. मी त्यांचा चेहरा पाहिलेला नाही. लांबून पाठ ओळखतो.

२४ डिसेंबर
छपरावर. पाच पत्रे बसले, एक अंगठा गेला.
नेलिमा खालून म्हणाली, "मी आईला सांगते ना, या बाजूला बस, जावई त्या बाजूला उभा राहील. एका शब्दाचं काम आहे." मी सांगितलं, अजिबात नाही. जो माणूस हलत्या जहाजावर हूक लावतो, त्याला एका मैदानाची जागा लावता येत नाही का. सासूला निरोप धाडून मॅच बघायची म्हणजे उद्या त्या म्हणतील जावई भित्रा आहे. ती म्हणाली, "बरं." तिचं 'बरं' मला कधीच नीट कळलेलं नाही.
संध्याकाळी मैदानाची पाहणी करायची होती. बाबांनी सहावा पत्रा आणून दिला.

२५ डिसेंबर
चर्च तीन तास. मग पाहुणे. एका काकांनी विचारलं, "मोम्बासात साहेब झालास का?" म्हटलं, जवळपास. मी आणि साहेब एकाच गेटने आत जातो.
वहीत मैदानाचा नकाशा काढला. एका बाजूला आंब्याचं झाड, तिथे बायका बसणार. समोरच्या बाजूला ऊस. मी उसाच्या कडेला, थेट वाब्विलेच्या रेषेत. काही अडचण राहिलेली नाही.

२६ डिसेंबर
सकाळी ८. नेलिमा नाफुलाला घेऊन माहेरी गेली. फोन तिच्याकडे, नातीचे फोटो आजीला दाखवायला. मी लाल जर्सी घातली. वही-पेन सोबत, सूचना लिहायला.
२.४०. मैदानात पोचलो. उसाकडची जागा मोकळी. वाब्विलेने लांबून हात केला. मीही केला. तब्येत एकदम खुश.
३.०५. शिट्टी झाली आणि आंब्याखालून एक धिप्पाड बाई उठली. अंगाभोवती जांभळ्या कापडाचा लेसो गुंडाळलेला. मीच गेल्या वर्षी मोम्बासाहून सासूबाईंना पाठवलेला, काठाला काजूची नक्षी. सासूबाई. चेंडूबरोबर रेषेवरून पळत सुटल्या. माझ्याच दिशेने. उसात शिरलो.
३.१५. त्या बाजूच्या गोलमागे गेलो. त्याही तिथेच आल्या. परत ऊस.
३.२५. शाळेच्या भिंतीआड उभा राहिलो. नुसतं डोकं बाहेर काढलं तर दहा हातांवर जांभळा लेसो, आणि आवाज: "अरे रेफ्री, डोळे घरी चुलीपाशी विसरलास का रे?" डोकं आत. या वयात एवढं पळतात कशा. गोदीत असत्या तर मुकादमच झाल्या असत्या.
३.३५. उसातच मुक्काम. त्या आता बरोबर माझ्या समोर, रेषेवर उभ्या. मान वळली की संपलं. म्हणून मैदानाकडे पाठ करून बसलोय, तोंडावर हात. मॅच कानांनी समजून घेता येते, फक्त अनुभव लागतो. माझ्या अंदाजाने आपलं वर्चस्व आहे.
हाफटाइम. कानामागे उसाचं पान चिरलं. मुंग्या.
४.२०. मोठा आरडाओरडा. गोल. कुणाचा ते कळेना. एवढ्यात एक माणूस लघवीला उसात आला. विचारलं. म्हणाला, "सिमालीचा. वाब्विले." म्हटलं, कसा मारला? पँट बांधत म्हणाला, "अरे, तो बघायला पाहिजे होतास तू." निघून गेला. मी पुढच्या ओळीत सरकलो.
४.५०. शेवटची शिट्टी. जिंकलो. एक-शून्य.
रात्री ८. बैल गावात आला. वाब्विलेला खांद्यावर घेऊन मिरवलं. घामाने थबथबलेला तसाच माझ्याकडे आला. म्हणाला, "दादा, गोल पाहिलास ना?" म्हटलं, म्हणजे काय. "कसा वाटला?" मोठ्या भावाने नुसतं कौतुक करून चालत नाही. म्हटलं, चांगला होता, पण पाय जरा उशिरा उचललास. तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "हो दादा." आणि बैलाला पाणी पाजायला गेला. टीका पचवायची ताकद आहे पोरात.

२७ डिसेंबर, दुपार
नेलिमा माहेरून परतली. आल्या आल्या म्हणाली, "निवांत बघितलीत ना मॅच?" म्हटलं, तुझ्या आईने बघू दिली तर.
ती म्हणाली, "आई? आई तर घरातच होती."
म्हटलं, जांभळा लेसो.
"तो मावशीने मागून नेला होता मॅचला. आईला मी आदल्या दिवशी निरोप पाठवला होता, म्हटलं तुम्ही नाही म्हणालात तरी सांगून ठेवावं. तर आई म्हणाली, मग मी जातच नाही. जावई दोन वर्षांनी आलाय, त्याचा भाऊ खेळतोय, त्याला मोकळेपणी उभं राहू दे. आमच्या फायनली काय, पुन्हा होतील. दिवसभर चुलीपाशी बसून होती. गलका ऐकू आला की उठायची, दारापर्यंत जायची, परत यायची."
मावशीसमोर लपायचं कारण नसतं. तिच्याशेजारी उभं राहून मॅच बघता आली असती.
नेलिमा नाफुलाचे केस विंचरत बोलत राहिली. म्हणाली, "संध्याकाळी मावशीने आईला सगळी मॅच करून दाखवली, अंगणात. वाब्विलेने उडी मारून डोक्याने गोल केला, तो तर तिने दोनदा करून दाखवला. दुसऱ्यांदा पडली."
डोक्याने.
बाहेर वाब्विले बूट धूत होता. शीळ घालत होता.
नेलिमा म्हणाली, "आणि मावशी सांगत होती, एक लाल जर्सीवाला येडा पूर्ण मॅचभर उसात बसला होता. मैदानाकडे पाठ करून, तोंडावर हात घेऊन. बायका हसून हसून बेजार. कोण होता हो तो? तुमच्याच गावचा असणार. पाहिलात का तुम्ही त्याला?"
म्हटलं, हो, पाहिला. लांबून.