ऊन वेगळं, उजेड वेगळा

बाबा, आज तुम्ही हवे होतात. सकाळपासून मला कुणाला तरी गदागदा हलवून सांगायचंय आणि घरात सगळे म्हणतात, "हो गं, कळलं!" डोंबल कळलंय.

आमच्या वाघोलीच्या सोसायटीत गच्चीवर सोलर पॅनल बसली. फिटर म्हणाला, "मॅडम, भर मे महिन्यात करंट कमी दिसला तर लगेच फोन करू नका. पॅनल तापलं की कमी देतं. त्याला उजेड लागतो, गरमी नाही." अहो, हे तर तुमचं वाक्य!

विश्रांतवाडीची आपली गच्ची. खडकीच्या फॅक्टरीतून वायरमन म्हणून तुम्ही नुकतेच रिटायर झालेले, जुन्या बाजारातून एक पॅनल उचलून आणून त्याला छोटा पंखा जोडलेला. मी सॉफ्टवेअर कंपनीत नवी नवी लागलेली, म्हणजे अक्कल ओसंडून वाहत होती. ऑफिसातले चौघे जेवायला आलेत. जेवणं झाल्यावर तुम्ही सगळ्यांना रणरणत्या दुपारी वर नेता आणि तापलेल्या पॅनलवर हळूहळू बादलीभर पाणी ओतता. "बघ, पंखा वाढला." मी हसते. "काही वाढलाबिढला नाही. अहो बाबा, उन्हावर चालणारी वस्तू कुणी गार करतं का? उद्या चुलीत पाणी ओतून भाकरी भाजाल!" चौघेही खो खो हसतात. तुम्ही एवढंच म्हणता, "ऊन वेगळं, उजेड वेगळा," आणि रिकामी बादली घेऊन खाली जाता. दुसऱ्या दिवशी पॅनल माळ्यावर गेलं. त्यानंतर तुम्ही मला काहीही दाखवायला कधी बोलावलं नाहीत.

शब्दानेच मला फसवलं, बाबा. आपल्याकडे वरणही ऊन आणि अंगणातही ऊन! मला वाटलं, जितकं तापेल तितकं चालेल. आज दिवसभर वाचत बसले आणि काय सांगू, वेड लागायची पाळी आली. सिलिकॉनचे दोन थर एकमेकांना चिकटलेले. एकात इलेक्ट्रॉन जास्तीचे, दुसऱ्यात त्यांच्या जागा रिकाम्या. त्यामुळे सांध्यापाशी कायमची एक ओढ तयार होते. उजेड आत शिरतो, अडकलेल्या इलेक्ट्रॉनला मोकळं करतो, आणि ती ओढ त्याला एकाच बाजूला ढकलते. लक्ष्मी रोडसारखा वन-वे! परत यायचं तर तारेतून, पंख्यातून वळसा घालूनच. तो वळसा म्हणजे करंट! ना काही जळतं, ना आत काही फिरतं. आणि पॅनल तापलं की त्याचा व्होल्टेज पडतो. म्हणून पाणी, बाबा, म्हणून पाणी! तुम्ही हे कुठे वाचलं होतं? की नुसतं बघून बघून ओळखलंत? तेवढंही मी कधी विचारलं नाही.

हे पत्र वहीतच राहणार, तेव्हा आता खोटं कशाला बोलू? पंख्याचा आवाज चढलेला मी तेव्हाच ऐकला होता.